पारशी चंद्र पूजतात का? आधी माह यश्त वाचूया

रमजान जवळ आला की एक जुना मेसेज नव्याने फिरू लागतो. अल्लाह हा मुळात अरबांचा चंद्रदेव, म्हणूनच मुसलमान चांद बघून रोजे धरतात, चांद बघून ईद करतात आणि मिनारावर चंद्रकोर लावतात, असा त्याचा आशय. रॉबर्ट मोरी नावाच्या अमेरिकन ख्रिस्ती लेखकाने १९९४ साली या विषयावर एक पुस्तिकाच काढली होती. तिचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं, पण तिने सोडलेलं पिल्लू अजून गावोगावच्या ग्रुपवर हिंडत असतं. आपण चिडतो. उत्तरादाखल कुरआनातल्या सूरह फुस्सिलतचा हवाला देतो (४१:३७). सूर्याला सजदा करू नका, चंद्रालाही करू नका, ज्याने त्यांना निर्माण केलं त्यालाच करा, असं तिथे स्पष्ट सांगितलं आहे. उत्तर चोख आहे.

पण हेच उत्तर देणारी आपली माणसं पारशांविषयी काय बोलतात, तेही कधीतरी ऐकावं. ‘आतशपरस्त’ हा शब्द उर्दूत इतका रुळला आहे की तो वर्णन म्हणून वापरला की शिवी म्हणून, हे बोलणाऱ्यालाही सांगता येत नाही. मध्यंतरी एका व्याख्यानात वक्ता त्याच्याही पुढे गेला. पारशी आग पूजतात, सूर्य पूजतात आणि चंद्रही पूजतात. त्यांच्या ग्रंथात चंद्राचं वेगळं स्तोत्रच आहे, असं तो म्हणाला. समोरची मंडळी हसली. त्या स्तोत्रात काय आहे, असा प्रश्न कुणी विचारला नाही आणि वक्त्यानेही सांगितलं नाही.

स्तोत्र आहे, हे खरंच. त्याचं नाव माह यश्त. अवेस्ता या झरथुष्ट्री ग्रंथसंग्रहातल्या यश्तांमध्ये, म्हणजे स्तुतिस्तोत्रांमध्ये, त्याचा क्रमांक सातवा. यश्त तसं छोटंसं, सात कडव्यांचं. त्यातलाच बराच मजकूर माह नियायिश या प्रार्थनेत येतो. नियायिश एकूण पाच आहेत: सूर्य, मिथ्र, चंद्र, पाणी आणि अग्नी. चंद्राचं नियायिश महिन्यातून किमान तीनदा म्हणायचं असतं, नव्या चंद्राला, पौर्णिमेला आणि उतरत्या चंद्राला.

‘माह’ म्हणजे चंद्र आणि ‘माह’ म्हणजेच महिना. फारसीतला हा शब्द मराठीला परका नाही. आपला ‘महिना’ तिथूनच आला. पगार ‘दरमहा’ मिळतो, सरकारी कागदावर ‘माहे एप्रिल’ लिहिलेलं असतं. संस्कृतातला ‘मास’ही त्याच कुळातला. म्हणजे मराठी माणूस दिवसातून चार वेळा त्या चंद्राचं नाव घेतो आणि त्याला पत्ताही नसतो.

आता स्तोत्राकडे येऊ. सुरुवात नमनाने होते आणि त्या नमनाचा क्रम बघण्यासारखा आहे. पहिलं नमन अहुर मज्दाला, दुसरं अमेश स्पेन्तांना, म्हणजे त्याच्या निकटच्या पवित्र शक्तींना, आणि मग चंद्राला. चंद्राला नमन करताना कवी दोन बाजू सांगतो. आम्ही तुला पाहतो तेव्हाही नमन आणि तू आम्हाला पाहतोस तेव्हाही नमन. मला या सबंध स्तोत्रात ही जागा सर्वांत जिवंत वाटते. मोकळ्या माळावर, गुरांच्या कळपाशेजारी रात्र काढणाऱ्या माणसाला वर बघताना कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटणारच.

या नमनासाठी अवेस्तातला शब्द आहे ‘नेमो’. संस्कृतातल्या ‘नमः’चा सख्खा भाऊ. पुढे इराणच्या मध्ययुगीन भाषेत याच धातूपासून ‘नमाज’ झाला. कुरआनातला शब्द ‘सलात’ आहे. आपण हिंदुस्थानी मुसलमान दिवसातून पाच वेळा जो शब्द उच्चारतो तो अग्निमंदिरांच्या इराणातून आलेला आहे. रोजा, खुदा, फरिश्ता, बिहिश्त, दोजख, पैगंबर हे सगळे त्याच प्रवासाचे सोबती. ‘खुदा हाफिज’ सोडून ‘अल्लाह हाफिज’ म्हणा असा आग्रह धरणाऱ्यांना हे कुठेतरी खुपत असावं. आग्रह तडीस न्यायचा तर नमाजचं नावही बदलावं लागेल, आणि तिथवर जायची तयारी अजून तरी फार थोड्यांनी दाखवली आहे.

नमनानंतर स्तोत्र निरीक्षणाकडे वळतं. चंद्र वाढतो कसा, घटतो कसा? पंधरा दिवस वाढतो, पंधरा दिवस घटतो. जितका काळ वाढायला, तितकाच घटायला. आणि लगेच पुढे एक प्रश्न येतो: चंद्राचं हे वाढणं आणि घटणं तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणामुळे होतं?

हा प्रश्न स्तोत्रकाराचा स्वतःचा नाही. तो गाथांमधून उचललेला आहे. गाथा म्हटलं की मराठी माणसाला तुकोबा आठवतात. शब्द तोच, पण या गाथा खुद्द झरथुष्ट्राच्या मानल्या जातात आणि अवेस्तातला तो सर्वांत जुना भाग आहे. त्यांतल्या एका गाथेत, यस्नाच्या ४४ व्या अध्यायात, झरथुष्ट्र अहुर मज्दाला प्रश्नांमागून प्रश्न विचारत जातो. सूर्य आणि ताऱ्यांचा मार्ग कोणी आखला? खालची जमीन आणि वरचं आकाश कोणी सावरून धरलं? पाणी आणि वनस्पती कोणाच्या? वाऱ्याला आणि ढगांना वेग कोणी जोडला? चंद्राचा प्रश्न त्याच ओळीतला. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर प्रश्नातच दडलेलं आहे. यश्तांची भाषा गाथांच्या नंतरची. म्हणजे ज्याने चंद्राची स्तुती रचली त्याला झरथुष्ट्राचा हा प्रश्न पाठ होता आणि स्तुतीच्या ऐन मध्यात तो घालावा असं त्याला वाटलं. व्याख्यानातल्या वक्त्याने ही एक गोष्ट सांगितली असती, तर लोक हसले असते का?

कुरआन जाणणाऱ्याला हा सूर ओळखीचा वाटेल. आकाश आणि पृथ्वी कोणी निर्माण केली, सूर्य आणि चंद्राला कामाला कोणी लावलं, असा प्रश्न कुरआन मक्केच्या लोकांना विचारतो (२९:६१). सूरह यासीनमध्ये चंद्राच्या घटत जाण्याला खजुराच्या जुन्या वाळल्या देठाची उपमा आहे (३६:३९). त्यावरून ‘बघा, दोन्हीकडे एकच’ असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं सोपं असतं आणि बहुधा खोटं. स्तोत्र अजून संपलेलं नाही.

चंद्र प्रकाशू लागला की अमेश स्पेन्त उभे राहतात, त्याचं तेज गोळा करून धरतात आणि अहुर मज्दाने निर्मिलेल्या जमिनीवर वाटून देतात, असं पुढे म्हटलं आहे. चांदण्याची ऊब लागली की वसंतात जमिनीतून हिरवाई वर येते. मग चंद्राच्या अवस्थांची नावं घेऊन त्यांचं यजन: नवा चंद्र, पूर्ण चंद्र आणि मधल्या अवस्था. मग विशेषणांची माळ लागते. चंद्र पाणी देणारा, ऊब देणारा, शहाणपण देणारा, संपत्ती देणारा, बरं करणारा. नियायिशमध्ये तर मागणंही आहे: बळ द्या, विजय द्या, गुरंढोरं द्या, शूर संतती द्या.

तौहीद मानणाऱ्या माणसाची अडचण इथे सुरू होते आणि ती लपवून उपयोग नाही. देणारा एकच, मागायचं त्याच्याचकडे, हा आपल्या श्रद्धेचा कणा आहे. चंद्र पाणी देतो असं कुणी म्हटलं तर आपण थबकणार. अवेस्ता चंद्राला ‘यजत’ म्हणतो, म्हणजे यजनाला योग्य; आपल्या यज्ञ आणि यजमान या शब्दांचा धातू तोच. यजत हा अहुर मज्दाची निर्मिती आहे, त्याच्या कामातला सहकारी आहे, पण तो नुसता आकाशात टांगलेला दिवा नाही. त्याला हाक मारता येते. नंतरच्या काळात पारशी लेखकांनी यजतांची ओळख फरिश्ते म्हणून करून दिली. ती तुलना काही अंतर चालते, पुढे अडते, कारण आपण जिब्रीलकडे संतती मागत नाही.

चंद्राचं या स्तोत्रातलं खास विशेषण आहे ‘गओचिथ्र’. गओ म्हणजे गाय-बैल, गुरं. चिथ्र म्हणजे बीज. ज्याच्यात गुरांचं बीज आहे तो. यामागची कथा बुंदहिश्न या पहलवी ग्रंथात सविस्तर येते. हा ग्रंथ आजच्या रूपात सिद्ध झाला तो नवव्या शतकात, इराणवर अब्बासींचं राज्य असताना. कथा अशी: अहुर मज्दाने सुरुवातीला एकच बैल निर्माण केला. दुष्टतेचा अधिपती अह्रिमान सृष्टीवर चालून आला आणि त्याने तो बैल मारला. बैल मेला तेव्हा त्याच्या अवयवांतून पंचावन्न प्रकारची धान्यं आणि बारा प्रकारच्या औषधी वनस्पती उगवल्या. त्याचं बीज चंद्राकडे नेण्यात आलं. तिथे ते शुद्ध झालं आणि त्यातून एक गाय, एक बैल आणि मग पशूंच्या २८२ जाती आल्या. चंद्र हा एका अर्थी त्या मारल्या गेलेल्या जिवाची ठेव सांभाळणारा. सृष्टीतला पहिला प्राणी दुष्टतेने मारला, पण त्याचा वंश बुडू दिला नाही, आणि ती राखण चंद्राकडे सोपवली. ही कथा माहीत नसेल तर स्तोत्रात चंद्राबरोबर बैलाला नमन का आहे ते कळतच नाही आणि वाचणारा त्याला भाबडेपणा समजून पुढे जातो.

ही गोष्ट फक्त ग्रंथात राहिली नाही. पारशी पंचांगात महिन्याच्या तीसही दिवसांना एकेका यजताचं किंवा अमेश स्पेन्ताचं नाव आहे. बारावा दिवस माह, पारशी बोलीत मोहोर. दुसरा बहमन, चौदावा गोश, एकविसावा राम. बहमन हा सद्विचाराचा आणि पशुधनाचा रक्षक, बाकीचे तिघे त्याचे सहकारी. या चार दिवशी मांस खायचं नाही, असा रिवाज आहे. धनसाक आणि साली बोटीच्या कौतुकात रमणाऱ्यांना पारशी घरातली ही बाजू ठाऊक नसते. आजही पाळणारे पाळतात. चंद्राविषयीची श्रद्धा काय आहे ते बघायचं तर या जेवणाच्या ताटात जास्त नीट दिसतं.

आता ‘चंद्रपूजा’ या शब्दाबद्दल. खरी चंद्रपूजा कशी असते याचा दाखला इराणच्या शेजारीच आहे. मेसोपोटेमियात सीन नावाचा चंद्रदेव होता. उर आणि हर्रान ही त्याची मोठी ठाणी. तिथे मंदिरं होती, मूर्ती होती, पुजारी होते, जमिनी होत्या. बाबिलोनचा शेवटचा राजा नबोनिडस या सीनचा कट्टर भक्त. तो तर राजधानी सोडून साधारण दहा वर्षं अरबस्तानातल्या तैमा या गावी जाऊन राहिला होता. हजरत इब्राहीम यांनी तारा, चंद्र आणि सूर्य मावळताना पाहून मावळणाऱ्यांना नाकारलं, असा जो प्रसंग सूरह अनआममध्ये येतो (६:७६-७९), त्याची पार्श्वभूमी आपले भाष्यकार अशाच ग्रहताऱ्यांच्या भक्तांमध्ये शोधतात. अवेस्तातल्या चंद्राला असं देऊळ नाही, असा पुजारीवर्ग नाही. इराणी लोक सूर्य, चंद्र, पृथ्वी, अग्नी, पाणी आणि वारा यांना बळी अर्पण करतात, असं हेरोडोटसने इ.स.पूर्व पाचव्या शतकात लिहून ठेवलं. त्याच ठिकाणी त्याने हेही लिहिलं की हे लोक मूर्ती आणि देवळं उभारत नाहीत.

अपवाद सापडतो तो नाण्यांवर. कुषाण राजे कनिष्क आणि हुविष्क यांच्या नाण्यांवर ‘माओ’ हा चंद्रदेव माणसाच्या रूपात उभा आहे, खांद्यांमागे चंद्रकोर घेऊन. म्हणजे इराणी जगाच्या पूर्व कडेला चंद्राची प्रतिमाही झाली होती. इतिहास कुणाच्याच सोयीने वागत नाही.

माह यश्तासारख्या स्तोत्रांचं काय करायचं, हा वाद मुंबई-पुण्यात एकोणिसाव्या शतकात चांगलाच पेटला होता. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८४३ मध्ये मुंबईत पारशी धर्मावर जाडजूड पुस्तक छापलं. पारशी हे पंचमहाभूतांचे आणि ग्रहताऱ्यांचे पूजक आहेत, हा त्यातला एक मुख्य आरोप. त्याआधी १८३९ मध्ये पारशी तरुणांच्या धर्मांतरावरून शहर ढवळून निघालं होतं, त्यामुळे हा वाद केवळ ग्रंथांचा नव्हता. घरातली मुलं हातची जातील अशी भीती त्यात होती. पुढे मार्टिन हाउग हा जर्मन पंडित पुण्याच्या कॉलेजात संस्कृत शिकवायला आला आणि १८६२ मध्ये त्याचे पारशी धर्मावरचे निबंध मुंबईत प्रसिद्ध झाले. त्याने सुटकेचा मार्ग दाखवला. झरथुष्ट्राचं म्हणणं फक्त गाथांमध्ये आहे, तिथे एकेश्वरवाद आहे, आणि यश्त ही नंतरची भर. पारशी सुधारकांना हे मानवलं. मिशनऱ्याला उत्तर मिळालं, फक्त त्यासाठी आपल्या आजीची प्रार्थना बाजूला ठेवावी लागली.

मला हाउगची वाटणी पटत नाही. ती फार स्वच्छ आहे. ज्या स्तोत्राला तो नंतरची भर म्हणतो त्याच्या पोटात गाथेचाच प्रश्न बसलेला आहे. ते स्तोत्र रचणाऱ्याला आणि हजारो वर्षं म्हणणाऱ्यांना एक अहुर मज्द आणि त्याने निर्मिलेला वंदनीय चंद्र यांत भांडण दिसलं नाही. ते त्यांना दिसायला हवं होतं, असा हट्ट आपण कोणत्या अधिकाराने धरायचा? कराचीचे दस्तूर माणेकजी नसरवानजी धल्ला यांनी १९०८ मध्ये पाचही नियायिशांची आवृत्ती काढली. मूळ अवेस्ता पाठाबरोबर पहलवी, संस्कृत, फारसी आणि गुजराती भाषांतरं एकत्र छापली. चंद्राची ही प्रार्थना इतक्या भाषांतून समजून घेत घेत लोकांनी म्हटली आहे, हे त्या पुस्तकामुळे डोळ्यांसमोर येतं.

आदर कुठे संपतो आणि पूजा कुठे सुरू होते, हा प्रश्न आपल्याला तरी कुठे सुटला आहे? दर्ग्यावर चादर चढवणारा म्हणतो मी वलीचा आदर करतो, मागतो अल्लाहकडेच. शेजारचा म्हणतो हा शिर्क आहे. या वादात आपल्या मशिदी वेगळ्या झाल्या, सोयरिकी मोडल्या. हजरत उमर यांनी हजरे अस्वदचं चुंबन घेताना सांगितलं की तू दगड आहेस, नफा-नुकसान तुझ्या हाती नाही हे मला माहीत आहे, प्रेषितांना चुंबन घेताना पाहिलं म्हणूनच मी घेतो. हा खुलासा त्यांना मोठ्याने करावा लागला, कारण पाहणाऱ्याचा गैरसमज होऊ शकत होता. आपल्या कृतीचा अर्थ आपल्याला विचारूनच ठरवा, ही आपली मागणी रास्त आहे. मग पारशाला न विचारता त्याच्या कृतीचा अर्थ लावण्याची मुभा आपण कुठून आणली?

जुन्या मुसलमान विद्वानांनी या बाबतीत आपल्यापेक्षा जास्त कष्ट घेतले. कुरआनात मजूसींचा, म्हणजे झरथुष्ट्रींचा, उल्लेख एकदाच येतो (२२:१७), श्रद्धावंत, यहुदी, साबिईन आणि ख्रिस्ती यांच्या यादीत. त्यांच्यातला निवाडा कयामतच्या दिवशी अल्लाह करील असं तिथे म्हटलं आहे. मजूसींशी कसं वागावं असा पेच हजरत उमर यांना पडला, तेव्हा अब्दुर्रहमान बिन औफ यांनी प्रेषितांचा निर्देश सांगितला की त्यांना ग्रंथधारकांसारखंच वागवा. बाराव्या शतकात शहरस्तानी यांनी धर्मपंथांवरच्या आपल्या ग्रंथात मजूसींना ‘ग्रंथासारखं काही असलेले’ अशा वेगळ्या वर्गात ठेवलं. अल बेरुनी यांनी इराणी पंचांग, त्यातल्या दिवसांची नावं आणि सण बारकाईने नोंदवले. आणि फिर्दौसी, जो मुसलमान होता, त्याने शाहनाम्यात वाचकाला बजावलं की आपले पूर्वज अग्निपूजक होते असं समजू नका, ते एका ईश्वराचेच उपासक होते, अरबांना जसा मेहराब तशी त्यांना आग. शाहनामा १०१० साली पूर्ण झाला. हजार वर्षांनंतर आपण त्या ओळीच्या मागे आलो आहोत.

अर्थात विद्वानांच्या ग्रंथांत जे होतं तेच जमिनीवर झालं असं नाही. इराणमध्ये अरब सत्ता आल्यावर झरथुष्ट्रींवर जिझिया लागला, अग्निमंदिरं गेली, हळूहळू त्यांची संख्या आटत गेली. काही जण समुद्रमार्गे गुजरातच्या किनाऱ्यावर संजाणला आले. ती आठवण किस्सा-ए-संजाण या १५९९ मध्ये रचलेल्या फारसी काव्यात जपलेली आहे. ‘आतशपरस्त’ हा शब्द त्यांच्या कानांवर पडतो तेव्हा त्याला ही सगळी पार्श्वभूमी असते. आपल्याला तो सहज वाटतो, कारण तो आपल्या कानांवर त्या बाजूने कधी पडला नाही. ‘चंद्रपूजक’ मात्र पडला आहे. तेव्हा कसं वाटतं ते विचारायला लांब जावं लागणार नाही.

मिनारावरच्या चंद्रकोरीचं म्हणाल तर तिची वाटही याच मुलखातून जाते. ससानी बादशहांच्या मुकुटांवर चंद्रकोर असे, त्यांच्या चांदीच्या दिरहमांच्या कडेला चंद्र आणि तारे असत. इराण जिंकल्यावर अरब सुभेदारांनी तीच नाणी चालू ठेवली. त्यावर खुस्रोचा चेहरा, त्याचा मुकुट, चंद्र-तारे सगळं तसंच, फक्त कडेला अरबीत ‘बिस्मिल्लाह’. खलिफा अब्दुल मलिक यांनी हिजरी ७७ पासून, म्हणजे इसवी ६९६-९७ पासून, चित्रं काढून टाकून केवळ अक्षरांची नाणी आणली, तोवर मुसलमानांच्या खिशात चंद्रकोर खुळखुळत होती. तिला धार्मिक चिन्ह कुरआनाने केलं नाही की प्रेषितांनी. फार नंतर उस्मानी तुर्कांच्या झेंड्यावरून ती जगभर पसरली. मोरीला हा इतिहास सांगायला हवा होता आणि आपल्यालाही.

ग्रहणाच्या दोन गोष्टी इथे शेजारी ठेवाव्याशा वाटतात. हेरोडोटस सांगतो की खशायार्श, ज्याला ग्रीक झर्क्सिस म्हणत, ग्रीसवर निघाला तेव्हा सूर्य झाकोळला. मगी पुरोहितांनी त्याला धीर दिला: सूर्य ग्रीकांचं भविष्य सांगतो, आपलं भविष्य चंद्र सांगतो, तेव्हा हा अपशकुन त्यांचा. स्वारीचं काय झालं ते जगाला माहीत आहे. दुसरी गोष्ट मदिनेतली, हिजरी १० मधली. प्रेषितांचा तान्हा मुलगा इब्राहीम वारला त्याच दिवशी सूर्यग्रहण लागलं. लोक म्हणू लागले, या मृत्यूमुळेच सूर्य काळवंडला. दुःखात बुडालेल्या बापाने ते चालवून घेतलं नाही. सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या मरणाने किंवा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही, असं त्यांनी लोकांना सांगितलं. माझा मतभेद कुठे आहे ते या दोन गोष्टींत मला सापडतं. चंद्राला नमन करण्यापेक्षा चंद्राला आपल्या बाजूचा समजण्याशी तो जास्त आहे.

आणि तरीही आपणही चंद्राशी बोलतोच. नवा चांद दिसला की म्हणायची जी दुआ तिर्मिजीच्या संग्रहात आहे, तिच्यात अमन आणि ईमान अल्लाहकडे मागितलं जातं आणि शेवटी थेट चंद्राला ‘तू’ म्हणून सांगितलं जातं की माझा रब आणि तुझा रब अल्लाह आहे. गच्चीवर जमलेली माणसं, आकाशाकडे वळलेले चेहरे, वर उचललेले हात, मग धाकट्यांनी थोरांना केलेले सलाम. भाषा न कळणाऱ्या परक्याने समोरच्या इमारतीतून हे पाहिलं तर तो काय लिहून ठेवेल? हेरोडोटसने लिहिलं तसंच काहीसं लिहील.

गंमत पंचांगाची आहे. ज्यांच्याकडे चंद्राचं स्तोत्र आहे त्यांचं वर्ष सूर्याच्या हिशेबाचं: तीस दिवसांचे बारा महिने आणि शेवटी गाथांच्या नावाचे पाच दिवस, एकूण ३६५. त्यांचा महिना चंद्राच्या कलेशी जुळत नाही, मोहोर रोज कधी अमावस्येला पडतो तर कधी पौर्णिमेला. आणि ज्यांना चंद्राला सजदा करायची मनाई आहे त्यांचं रोजा, ईद, हज, इद्दत सगळं चंद्रावर चालतं, कारण कुरआनाने नव्या चंद्राला लोकांसाठी आणि हजसाठी वेळेची खूण ठरवलं आहे (२:१८९). पारशी चंद्राची स्तुती करतो आणि तारीख विचारत नाही. आपण तारीख विचारतो आणि स्तुती त्याच्या निर्मात्याची करतो. पावसाळ्यात मुंबईवर ढग दाटले की नियायिश म्हणणारा दस्तूर आणि हिलाल कमिटीचे सदस्य दोघेही एकाच काळ्या आभाळाकडे बघत बसतात. दस्तूरजींची तारीख त्यामुळे अडत नाही. आपली अडते, आणि मग रात्री अकरापर्यंत फोन चालू राहतात.